बिनशेपटीचे विंचू

एकतीस वर्षं खाणीत सुरुंगांना बत्ती दिली म्हणून सगळी वस्ती त्याला बत्तीच म्हणायची. खरं नाव कंपनीच्या हजेरीपटावर होतं. निवृत्त झाला त्या दिवशी तेही खोडलं गेलं. उजव्या कानानं त्याला ऐकू येत नसे आणि डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. एवढ्या वर्षांत एवढंच गेलं म्हणजे आपलं नशीब चांगलं, असं तो म्हणे. त्याच्या थोरल्या भावाचं नशीब तसं नव्हतं.

वस्तीच्या पाठीमागे चुनखडीची टेकडी होती. आजूबाजूच्या चार टेकड्या कंपनीनं खाऊन संपवल्या होत्या, पाचवीचा लचका तोडणं चालू होतं. ही सहावी तेवढी अंगाला धक्का न लागता उभी होती, पण कुणाच्या दयेनं नव्हे. तेहतीस वर्षांपूर्वी आतला दगड कसा आहे ते बघायला कंपनीनं टेकडीच्या पोटातल्या गुहेतून पुढे एक बोगदा घातला होता. तिसऱ्या महिन्यात बोगद्याचं छत बसलं आणि ड्रिल चालवणारा बत्तीचा भाऊ आतच राहिला. सहा दिवस माणसं दगड उपसत होती. सातव्या दिवशी साहेबांनी सांगितलं की आणखी उपसलं तर आणखी माणसं जातील. मग गुहेच्या तोंडाला पत्र्याचं लोखंडी दार बसलं, त्याला कुलूप लागलं आणि कंपनी दुसऱ्या टेकड्यांकडे वळली.

तेव्हापासून वहिनीचा नवरा त्या टेकडीत होता. तिच्या स्वयंपाकाच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून टेकडी दिसायची. भांडी घासताना ती तिकडे बघून त्याला दोन शब्द सुनवायचीही. "गेला तो गेला, छत्रीपण घेऊन गेला," असं काहीतरी. मूलबाळ नव्हतं. बत्तीचं लग्न राहूनच गेलं होतं. तो शेजारच्या खोलीत राहायचा आणि जेवायला वहिनीकडे यायचा.

अशा घरात विंचूबाई आली.

हेही नाव वस्तीनंच ठेवलेलं. ती विद्यापीठातली, गुहांमधल्या बारीक जीवांचा अभ्यास करणारी. कंपनीकडून गुहेच्या किल्लीची परवानगी काढून आली होती आणि तिला आतली वाट माहीत असलेला माणूस हवा होता. असा एकच माणूस उरला होता. पहिल्या दिवशी बत्तीला वाटलं, बाई दगड बघेल, छतावरून लोंबणारे खडक बघेल, फोटो काढेल आणि जाईल. बाईनं कपाळावरचा दिवा लावला आणि जिथे वटवाघळांच्या लेंड्यांचा ढीग साचलेला होता तिथे ती सरळ पालथी पडली. चार तास. बत्ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभा राहिला.

"काका, इकडे या. हळू. श्वास तिकडे सोडा."

तिनं भिंग त्याच्या हातात दिलं. ढिगाच्या कडेला एका दगडाखाली तिळाएवढं काहीतरी होतं. फिकट, जवळजवळ आरपार दिसणारं. भिंगातून बघितल्यावर त्याला अंगापेक्षा लांब दोन नांग्या दिसल्या, खेकड्याला असतात तशा.

"विंचू?"

"विंचवाचा लांबचा भाऊबंद. याला शेपूट नाही. डंख नाही. आणि नीट बघा, डोळेही नाहीत."

"मग याला आहे काय?"

"हात आहेत," बाई म्हणाली.

तिनं ओल्या ब्रशाचं टोक त्याच्याजवळ नेलं. ते पोर वळलं नाही. हात पुढे धरून तसंच मागे मागे पळालं आणि फटीत शिरलं. बत्तीला हसू आलं. साहेबांच्या खोलीतून कामगार असाच बाहेर पडायचा, तोंड साहेबांकडे आणि पाय दाराकडे.

संध्याकाळी बाई वहिनीकडे चहाला आली तेव्हा वहिनीनं आधी तिला अंगणात उभं करून तिच्या बुटांवर, गुडघ्यांवर पाणी ओतलं, मग घरात घेतलं.

"एवढी शिकलेली बाई आणि शिटेत लोळून येते. नाव तरी काय त्या किड्याचं?"

"त्याचं स्वतःचं नाव अजून ठेवायचंय मावशी. आडनाव तेवढं आहे."

"म्हणजे?"

"शास्त्रात आम्ही वंश म्हणतो. तुम्ही आडनाव समजा. एका आडनावाची वेगवेगळी घरं असतात ना, तशी या आडनावाची जगात चार घरं होती. चारही गुहाच. एका गुहेत पर्यटकांसाठी दिवे लावले, ती कोरडी पडली. एक धरणाच्या पाण्याखाली गेली. एक तर खाणीतच गेली. तुमचं हे चौथं."

"आमच्यासारखंच की मग," वहिनी म्हणाली. "आडनाव आहे, पुढे लावणारा कुणी नाही. आमच्या भावोजींनी वेळेवर मनावर घेतलं असतं तर..."

"आलं फिरून माझ्यावर," बत्ती म्हणाला.

बाई हसली. त्या वर्षात ती नऊ-दहा वेळा आली. दर वेळी काचेच्या नळीत स्पिरिटमध्ये एखादा-दुसराच किडा न्यायची. जास्त नेले तर घरातली माणसं कमी होतील, म्हणायची.

पुढच्या वर्षी वस्तीच्या फाटकाजवळच्या फळ्यावर नोटीस लागली. पाचवी टेकडी संपत आली होती. आता सहावी.

वहिनीला बत्तीनंच वाचून दाखवली. तिनं दोनदा वाचायला लावली. घरी आल्यावर ती ओट्यापाशी उभी राहिली.

"म्हणजे आता त्याला क्रशरमध्ये घालणार."

"वहिनी, तसं..."

"तसं नाही तर कसं? दगड क्रशरमध्ये जातो, तिथून भट्टीत, भट्टीतून पोत्यात. मला काय माहीत नाही? आयुष्यभर मला म्हणायचा, तुला दोन खोल्यांचं स्वतःचं घर बांधून देतो. आता जाईल कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्याच्या भिंतीत. तिथली बाई त्याला खिळे ठोकेल."

ती हे हसत म्हणाली. पण त्या रात्री ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "भावोजी, मला दुसरं काही नको. मी मरेपर्यंत ती टेकडी तिथे राहू दे. नंतर त्यांना काय करायचं ते करू दे. तेवढं बघा."

बत्ती काय बघणार? त्यानं कंपनीच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला. तिथल्या साहेबानं अदबीनं बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की काही अवशेष मिळाले तर कंपनी सन्मानानं ताब्यात देईल. यांत्रिक खोदकामात अवशेष कसे मिळणार ते बत्तीला साहेबापेक्षा जास्त कळत होतं. साठ-साठ सुरुंग एकदम उडायचे आणि दगडाचा भुगा पडायचा. त्यात तेहतीस वर्षांपूर्वीचा माणूस कोण ओळखणार?

मग विंचूबाईचा फोन आला. तिनंही नोटीस कुठूनतरी वाचली होती.

"काका, टेकडी वाचू शकते," ती म्हणाली. "जो जीव जगात दुसरीकडे कुठेच नाही, त्याची जागा फोडायला कायद्यानं बंदी आहे. मी अर्ज केलाय. पण एक अट आहे. तिघांची समिती येणार, आणि त्यांना तो जीव त्याच्या जागेवर, जिवंत, डोळ्यांनी दिसला पाहिजे. बाटलीतला चालत नाही. मागे कुणीतरी दुसरीकडचा बेडूक बाटलीत घालून दाखवला होता, तेव्हापासून ही अट आहे."

"दिसेल की. ढिगाशी पाच मिनिटं बसलं की दिसतो."

"समिती सात महिन्यांनी येईल. तोवर मला राजधानीत कागदांमागे पळायचंय. सगळं तुमच्यावर आहे."

जाण्याआधी ती दोन दिवसांसाठी येऊन गेली. गुहेत ढिगाच्या बाजूनं तिनं एक लांब फळी टाकून घेतली. भिंग बत्तीजवळ ठेवलं, ब्रश आणि किल्लीही. "आत कुणी जायचं नाही. तुम्हीही पंधरा दिवसांतून एकदाच, आणि फळीवरूनच. दगड उलटायचे नाहीत. काहीही झालं तरी ओल टिकली पाहिजे काका. यांची कातडी पातळ असते. कोरडा वारा लागला, धूळ बसली, की संपले."

बत्तीनं ते शब्द गाठीला बांधले. ओल आणि धूळ.

दोनच महिन्यांत धूळ आली. कंपनीनं क्रशर हलवून सहाव्या टेकडीच्या पायथ्याशी आणला. टेकडी मिळणारच, असं धरून. पांढरी भुकटी दिवसभर उडायची. झाडं पांढरी झाली, वाळत घातलेले कपडे पांढरे झाले. बत्ती पंधरवड्याच्या फेरीला आत गेला तेव्हा फळीवर त्याला भुकटीचा थर दिसला. त्यानं बोट फिरवलं तर रेघ उठली.

दार तर बंद होतं. धूळ येत होती वरून. गुहेच्या छताला, टेकडीच्या माथ्यावर उघडणारं एक भोक होतं, माणूस खांद्यापर्यंत आत जाईल एवढं. जुने कामगार त्याला धुराडं म्हणत. बत्ती माथ्यावर चढून धुराड्याच्या काठाशी बसला. क्रशरकडून येणारा वारा सरळ त्या भोकात शिरत होता. खालून गुहेची गार वाफ त्याच्या तोंडावर येत होती. म्हणजे धूळ आत चालली होती आणि ओल बाहेर. दोन्ही एकाच भोकातून.

आता हे काम त्याचंच होतं. बत्तीवाल्याचं खरं कसब बत्ती लावण्यात नसतं. काडी कुणीही लावेल. दारू भरल्यावर वरचं भोक मातीनं असं ठासायचं की केसाएवढीही वाट राहता कामा नये. वाट राहिली की जोर तिकडून निघून जातो आणि दगड हसत उभा राहतो. एकतीस वर्षांत बत्तीचं ठासलेलं भोक कधी फुसकं निघालं नव्हतं. मोठमोठे साहेब बघायला यायचे.

"धुराडं बुजवतो," त्यानं वहिनीला सांगितलं.

"आणि वटवाघळं? ती त्याच भोकातून ये-जा करतात ना?"

"सध्या नाहीतच ती. थंडीत जातात कुठेतरी. आणि परत नाही आली तर बरंच आहे. त्या बिचाऱ्या किड्यांच्या डोक्यावर रोज घाण टाकतात. बाई त्यात लोळून यायची तेव्हा पाणी कोण ओतत होतं?"

"ते खरं," वहिनी म्हणाली. "आपल्या घरावर कुणी रोज असं केलं तर मी तर दगडच मारीन."

तीन दिवस लागले. बत्तीनं भोकावर आडव्या सळया टाकल्या, त्यावर चपटे दगड बसवले. वहिनीनं पायथ्याशी माती मळली. तिची माती चांगली असायची, ना चिकट ना भुसभुशीत. बादल्या मात्र दोघं मिळून वर नेत होती, दर दहा पावलांवर टेकत. बत्तीनं आपली जुनी लाकडी ठासणी काढली आणि थरावर थर देत माती ठासली. शेवटच्या दिवशी त्यानं गालाजवळ ओला हात धरून बघितला. वारा नव्हता. वहिनीनंही हात धरून बघितला.

"काही म्हणा भावोजी, हात अजून तसाच आहे तुमचा."

"अर्धं बोट कमी आहे."

"तेवढ्यानं काही अडलं नाही."

त्या दिवशी तिनं कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केलं.

पुढच्या फेरीला बत्ती आत गेला तेव्हा हवा जड आणि ओली होती. भिंतींवर थेंब धरले होते. फळीवर नवी धूळ नव्हती. भिंग लावून बसला, तर तीन दिसले, आणि त्यातल्या एकीच्या पोटाखाली बारीक दाण्यांची पिशवी होती. बाईनं सांगितलं होतं, मादी अंडी अशी पोटाशी बाळगते. बत्ती इतक्या घाईनं घरी आला की दाराशी अडखळला.

"बाळंतपण आहे आत," तो म्हणाला.

"काय सांगता. मग तिला खायला-प्यायला काय घालतात?"

"तिळाएवढी ती. तिला लागतंय किती खायला?"

दोघंही हसली. खायचा प्रश्न तिथेच राहिला.

थंडी सरल्यावर वटवाघळं परत आली. संध्याकाळी टेकडीच्या माथ्यावर त्यांचा काळा घोळका गरगर फिरताना दिसायचा. पूर्वी तो घोळका एका जागी येऊन खाली ओतल्यासारखा नाहीसा व्हायचा. आता नुसताच फिरत राहायचा. वहिनी खिडकीतून बघायची. चार संध्याकाळी वटवाघळं आली. काही क्रशरच्या पत्र्याखाली लटकली. तिथल्या माणसांनी त्यांना बांबूंनी हुसकलं. पाचव्या दिवशी आभाळ रिकामं होतं.

"गेले हो तुमचे पाहुणे दारावरूनच परत," वहिनी म्हणाली.

"जाऊ दे. त्यांना जगात पुष्कळ घरं आहेत."

त्यानंतरच्या फेरीला त्याला दोनच किडे दिसले. पुढच्या वेळी एक, तोही हलत नव्हता. ब्रशाचं टोक नेल्यावर दोन पावलं मागे सरकला आणि थांबला. मग एकही नाही. लेंड्यांच्या ढिगावर पांढरी बुरशी कापसासारखी पसरली होती. बत्तीनं स्वतःची समजूत घातली. पाचव्या टेकडीवर सुरुंग उडत होते, जमीन हादरत होती. कुठलाही जीव अशा वेळी खोल फटीत जाऊन बसणारच. बुरशी आली म्हणजे ओल आहे. ओल आहे म्हणजे सगळं ठीक आहे. बाईचा महिन्यातून एकदा फोन यायचा.

"काका, ठीक ना सगळं?"

"एक कण धूळ नाही बाई आत."

"आणि ओल?"

"भिंती ठिबकतायत."

"देव माणूस आहात," बाई म्हणायची. किडे दिसतात का, हे तिनं विचारलं नाही, कारण दगड उलटून शोधायचं नाही असं तिनंच सांगितलं होतं. आणि बत्तीनंही आपणहून सांगितलं नाही.

समितीच्या आदल्या दिवशी सकाळी बाई आली. वाळली होती, पण चेहऱ्यावर उजेड होता. कागद सगळे जमले होते. दार उघडून दोघं आत गेली. दहा पावलांवर बाई थांबली आणि तिनं नाकानं दोनदा श्वास घेतला.

"वारा का नाही काका?"

तिनं दिवा वर फिरवला. छतात जिथे नेहमी रुपयाएवढा उजेड दिसायचा तिथे काळं होतं.

"बुजवलं," बत्ती म्हणाला. आवाजात अभिमान होता, तो त्याला लपवता आला नाही. "धूळ तिथूनच येत होती. सळया घातल्या, दगड बसवले आणि वर दीड हात माती ठासली. मुंगी शिरणार नाही."

बाई वर बघत राहिली.

"वटवाघळं कुठे आहेत?"

"गेली. चांगलं झालं की. सगळी घाण बंद झाली."

ती फळीवर बसली. वरून एक थेंब पडला, मग दुसरा.

"काका," ती शेवटी म्हणाली, "इथे ऊन येत नाही. गवत उगवत नाही. इथे खायला दुसरं काहीच नाही. वटवाघळं बाहेर जाऊन खातात आणि इथे येऊन टाकतात, तेच या घराचं धान्य. त्या लेंड्यांवर बारीक किडे जगतात, आणि हे त्या किड्यांवर. ताजी लेंडी पडायची बंद झाली की आधी ते किडे संपतात. मग हे."

बत्तीला ऐकू आलं होतं. तरी त्यानं चांगला कान तिच्याकडे केला.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"नाही. मी सांगितलं नाही. मी ओल म्हटलं, धूळ म्हटलं. हे सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही. इतकी वर्षं मी हेच बघतेय ना, मला वाटलं सगळ्यांना माहीत असतं."

"मी आत्ता जाऊन फोडतो. दोन तासांत फोडतो."

"फोडा," बाई म्हणाली. पण ती आशेनं म्हणाली नाही.

त्यानं खरोखर फोडलं. पहार घेऊन माथ्यावर चढला आणि स्वतःचीच माती खणू लागला. ती इतकी पक्की बसली होती की पहिल्या तासात वीतभरही निघाली नाही. पहार आपटताना त्याचे खांदे लुळे पडले. शेवटी दगड निघाले, वारा आत शिरला आणि खाली बाईच्या दिव्याचा ठिपका दिसला. ती ढिगाभोवती गुडघ्यांवर फिरत होती, एकेक दगड उलटून बघत होती. संध्याकाळपर्यंत तिला तीन गोष्टी सापडल्या: रेशमासारख्या धाग्यांचं एक रिकामं घरटं, एक टाकलेली कात, आणि एक मेलेला, त्यावरही बुरशी.

दुसऱ्या दिवशी समिती आली. एक जाडे अध्यक्ष, एक दगडांच्या खात्यातला माणूस आणि एक म्हातारे प्राध्यापक, ज्यांना या जीवांबद्दल खरंच माहिती होती. कंपनीचा साहेब दाराबाहेर छत्री धरून उभा राहिला. आत यायची त्याला गरज वाटली नाही. तिघं तीन तास आत होते. प्राध्यापक बाईच्या शेजारी पालथे पडले, त्यांचा पांढरा शर्ट खराब झाला, पण ते उठेनात. बत्ती दिवा धरून होता. हात हलू नये म्हणून त्यानं कोपर भिंतीला टेकवलं होतं.

"इथे ते होते, यात मला शंका नाही," प्राध्यापक शेवटी म्हणाले. "कदाचित खोल फटींमध्ये अजून असतील. दोन-तीन वर्षं भोक उघडं राहिलं, वटवाघळं परत आली, तर कदाचित दिसतीलही."

"दोन-तीन वर्षं समितीच्या हातात नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "आज दिसले का?"

"नाही."

"मग मला तेच लिहावं लागेल."

त्यांनी दारातच, मांडीवर कागद ठेवून लिहिलं. प्राध्यापकांनी सही करायला सगळ्यात जास्त वेळ लावला, पण सही केली.

गाड्या गेल्यावर बाई आणि बत्ती दाराच्या पायरीवर बसली.

"मावशींना मी सांगते," बाई म्हणाली. "किडे सापडले नाहीत, एवढंच सांगू. क्रशरच्या धुळीनं गेले म्हणू. तेही अगदी खोटं नाही."

बत्तीला ते पटलं. घरापर्यंतच्या वाटेवर तो मनाशी तीच वाक्यं जुळवत होता. क्रशरनं केलं. कंपनीनं केलं. वहिनीनं कंपनीला पुष्कळ शिव्या दिल्या असत्या आणि तिला जरा हलकं वाटलं असतं. वहिनी दारातच उभी होती. तिनं दोघांचे चेहरे बघितले. पाणी आणलं.

"वहिनी," बत्ती म्हणाला, "मी मारले ते. धुराडं बुजवलं म्हणून मेले. वटवाघळांच्या घाणीवरच त्यांचं पोट होतं. मी त्यांच्या घराचं धान्य बंद केलं आणि वर ओल किती छान म्हणून बघत बसलो."

बाई मध्ये काही बोलणार होती. वहिनीनं हातानं थांबवलं.

"टेकडी जाणार?"

"जाणार."

वहिनी ओट्याशी गेली. तिथे धुतलेली भांडी पालथी घातली होती; तिनं त्यातलं एक उचललं आणि पुन्हा धुवायला घेतलं. पाठमोरीच म्हणाली, "माती मी मळली होती. तुमचं एकट्याचं काय?"

एवढंच. नंतरही तिनं त्याला कधी बोल लावला नाही. बोल लावला असता तर बत्तीला सोपं गेलं असतं. पण आता ती त्याला वाढताना आधी विचारायची, आणखी हवं का, असं पाहुण्याला विचारतात तसं.

विंचूबाई दुसऱ्या दिवशी गेली. जाताना वहिनीच्या पाया पडायला वाकली, तर वहिनीनं तिला मध्येच धरलं. नंतर बाईचे फोन येत राहिले, मग कमी झाले. तिनं त्या किड्याला नाव ठेवलं, असं एकदा कळवलं. नियमानं मेलेल्यालाही नाव ठेवता येतं. काय ठेवलं ते बत्तीनं विचारलं नाही.

महिन्याभरानं सुरुंग सुरू झाले. दुपारी एकला भोंगा व्हायचा आणि मग जमीन खालून धक्का द्यायची. बत्ती खोलीत बसून किती भोकं होती ते आवाजावरून ओळखायचा. सवय जात नव्हती. त्यानं कंपनीच्या साहेबाला विचारून बघितलं होतं की जुन्या बोगद्याजवळ आलात की मला बोलवा, तेवढा भाग मी हातानं काढतो. साहेब म्हणाला, तुमचं वय बघता विम्याचा नियम परवानगी देत नाही.

डंपर वस्तीच्या रस्त्यानंच क्रशरकडे जायचे. पुढचा दगड फोडून मशीन आतल्या भागात शिरलं, असं कळलं त्या दिवसापासून वहिनी दुपारी खुर्ची घेऊन दाराबाहेर बसू लागली. डंपर दिसला की ती उठून उभी राहायची. तो पुढे गेला की बसायची. दुसरा आला की पुन्हा उठायची. डंपरवाल्यांना आधी वाटलं म्हातारीला काही हवंय; एकानं गाडी थांबवून विचारलंही. तिनं हातानंच पुढे जा म्हणून सांगितलं.

बत्ती तीन दिवस आतून बघत होता. चौथ्या दिवशी बाहेर येऊन शेजारी उभा राहिला.

"कशाला उठता प्रत्येकाला? गुडघे जातील."

"कुठल्या गाडीत आहे ते कळत नाही ना. कळलं असतं तर एकदाच उठले असते." डंपर धडधडत गेला, मागे पांढरी भुकटी सोडून. वहिनी खुर्चीत बसली आणि गुडघे चोळू लागली. "जिवंत होता तेव्हा एवढ्या वेळा त्याच्यासाठी कधी उठले नाही मी. कामावरून यायचा आणि मी म्हणायची, पाणी तूच घे."

"असतील किती दिवस अशा गाड्या?" बत्तीनं विचारलं.

"ते तुम्हीच सांगा. तुमचं खातं ते."

बत्तीनं टेकडीकडे बघितलं. डावी बाजू गेली होती. धुराड्याचा माथा अजून होता, पण त्याच्या अर्ध्यापर्यंत फळी कापून काढल्यासारखा सरळ कडा उभा होता. त्यानं मनात मोजलं.

"अडीच महिने. पावणेतीन."

"बरं," वहिनी म्हणाली.

वळणावर पुढचा डंपर दिसला. तिनं खुर्चीचा हात धरून उठायचा प्रयत्न केला, पण या वेळी पाय सरळ होईनात. तिनं न बघताच बत्तीकडे हात केला. बत्तीनं तो धरला, तिला उभं केलं, आणि डंपर जाईपर्यंत सोडला नाही.